नवीन संगीत कसं शोधता? आणि ऐकल्यावर बोलता कोणाशी?

गोदाकाठ:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस विचारायचं मनात होतं, आज लिहूनच टाकतो, जरा लांबेल.

कॉलेजात आम्ही चौघं मित्र होतो, नाशिकला, १९९९ ते २००२ ची गोष्ट. एकाच्या घरी दोन कॅसेटचा टेप होता त्यामुळे शनिवारची संध्याकाळ तिथेच जायची, आणि कोण काय घेऊन येईल त्याचा नेम नसायचा. कुमार गंधर्वांची निर्गुणी भजनं मला पहिल्यांदा ऐकवली ती कायम मेटलिका ह्या हेवी मेटल बॅंडचा टीशर्ट घालून फिरणाऱ्या मित्राने, आणि त्याला नुसरत फतेह अली खान ऐकवला मी. कॅसेटची एक बाजू संपली की दुसरी लावायच्या आधी अर्धा अर्धा तास बोलणं चालायचं, कधी वाद, कधी कोणी म्हणायचं तो तुकडा परत लाव. माझ्या डोक्यात आज जे काही संगीत आहे त्यातलं निम्मं त्या खोलीतून आलंय.

आता चौघं चार गावात. व्हॉट्सॲप ग्रुप आहे, पण तिथे लिंक टाकली की खाली दोन अंगठे येतात आणि कोणी ऐकलेलं नसतं हे मला कळतं. ॲप जे सुचवतं ते मी आधी ऐकलेल्यासारखंच असतं, एक गझल दोनदा ऐकली तर महिनाभर गझलाच. गेल्या महिन्यात चुकून अली फार्का तूरेपर्यंत पोचलो, मालीचा गिटारवाला, त्याचा आणि राय कूडर ह्या अमेरिकन गिटारवाल्याचा १९९४ चा अल्बम 'टॉकिंग टिंबक्टू'. रात्री दोन वाजेपर्यंत ऐकत बसलो. एका गाण्यात तर मला सरळ आपला धानी राग ऐकू येत होता, कोमल गंधार कोमल निषाद, पाचच सूर, आणि वाळवंटाच्या कडेचा माणूस ते गिटारवर घोळवतोय. एवढं भरून आलं होतं, ग्रुपवर टाकलं, दोन अंगठे आले आणि मग कोणाच्या तरी फ्लॅटच्या कर्जाचा विषय निघाला.

तर विचारायचं हे की तुम्ही आपल्या नेहमीच्या वर्तुळाबाहेरचं कसं शोधता, आणि त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे त्याबद्दल मित्रांशी बोलणं परत सुरू कसं करता? कोणाला जमलंय का?

पांढरी_चार:
शोधायचं विचाराल तर माझी एकच सवय आहे, मुख्य कलाकार सोडायचा आणि त्याच्या शेजारी कोण बसलंय ते बघायचं. मी तबला शिकलो त्यामुळे सुरुवात झाकीरभाईंपासून, म्हणजे झाकीर हुसेन. त्यांचा 'शक्ती' बॅंड सगळ्यांना माहीत असतो, पण १९८७ चा 'मेकिंग म्युझिक' अल्बम घ्या, त्यात बासरीवर हरिजी (हरिप्रसाद चौरसिया) आहेत, गिटारवर जॉन मॅक्लॉफ्लिन आहे आणि यान गार्बारेक नावाचा नॉर्वेचा सॅक्सोफोनवाला आहे. मी त्या सॅक्सोफोनच्या मागे लागलो तर त्याचा १९९४ चा 'ऑफिशियम' सापडला, हिलियर्ड आन्सांबल म्हणून चार पुरुष गायक युरोपातलं शेकडो वर्षांपूर्वीचं चर्चमधलं संगीत गातायत, ऑस्ट्रियातल्या एका मठात रेकॉर्ड केलंय, आणि त्यांच्या आवाजांवरून हा सॅक्सोफोन फिरतोय. मी आयुष्यात कधी चर्चचं संगीत मुद्दाम ऐकलं नव्हतं हो. तीनतालापासून निघालेला माणूस तिथे पोचला, मधे फक्त दोन नावं. दुसऱ्या दिशेने गेलात तर २०२३ चा 'ॲज वी स्पीक', झाकीरभाईंबरोबर बेला फ्लेकचा बॅंजो, एडगर मायरचा डबल बास आणि राकेश चौरसियांची बासरी, तिथून ब्लूग्रास, म्हणजे अमेरिकेतल्या डोंगराळ भागातलं लोकसंगीत, हाकेच्या अंतरावर.

तुमच्या राय कूडरचंच घ्या ना. मोहनवीणा (गिटारवरून बनवलेलं वाद्य) वाजवणाऱ्या विश्वमोहन भट्टांबरोबर त्याने 'अ मीटिंग बाय द रिव्हर' केला, १९९३ ला आला, पुढच्या वर्षी ग्रॅमी. दोघं वाजवायला बसायच्या थोडंच आधी पहिल्यांदा भेटले होते, ठरवलेलं फार काही नव्हतं, आणि ते ऐकताना कळतं, दोघंही एकमेकांना वाट देतायत, एकाने मींड घेतली, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत गेला, की दुसरा थांबून बघतोय. तबल्यावर सुखविंदर सिंग नामधारी आणि कूडरचा शाळकरी मुलगा एक छोटं अरबी तालवाद्य वाजवतोय. म्हणजे तुमच्या मालीच्या माणसापासून जयपूरच्या मोहनवीणेपर्यंत एकच उडी आहे.

आणि ग्रुपचं म्हणाल तर लिंक पाठवू नका, जागा पाठवा. मी माझ्या भावाला असं पाठवतो, "अमुक मिनिटाला तबला थांबतो आणि दोन आवर्तनं नुसती वीणाच आहे, तेवढंच ऐक आणि सम कुठे पडली सांग." (आवर्तन म्हणजे तालाचा एक फेरा, सम म्हणजे त्याची पहिली मात्रा.) चाळीस मिनिटं ऐक म्हटलं तर कोणी ऐकत नाही, दीड मिनिट ऐकतो, आणि प्रश्न विचारलेला असतो म्हणून उत्तर द्यावं लागतं.

माशेलकर_गोंय:
आम्ही पाचजणी गेलं वर्षभर एक गोष्ट करतोय ती सांगते, कदाचित उपयोगी पडेल.

१९७७ साली नासाच्या व्हॉयेजर अंतराळयानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली होती ना, त्यात गायिका केसरबाई केरकर आहेत हे आपल्यापैकी बहुतेकांना माहीत असतं, आमच्याकडे तर विशेषच, केरी आमच्यापासून लांब नाही, फोंडा तालुक्यातलंच गाव. पण त्या तबकडीवर बाकी काय आहे हे आमच्यापैकी एकीलाही धड सांगता येईना. तेव्हा ठरवलं की सगळी ऐकायची. संगीताचे एकूण २७ तुकडे, मिळून साधारण दीड तास. आम्ही दर आठवड्याला एक घेतला, फक्त एक, आठवडाभर प्रत्येकीने आपापल्या वेळी तीनचारदा तरी ऐकायचा आणि रविवारी जेवणानंतर कॉलवर बोलायचं. सात महिन्यांच्या आसपास लागले कारण मधे चतुर्थी आली, एकीचं बाळंतपण आलं.

काय काय आहे त्यात. जाव्हाचं गॅमेलन (धातूच्या वाद्यांचा वाद्यवृंद), जॉर्जिया देशातल्या पुरुषांचं एकत्र गाणं, बल्गेरियाची एक बाई बॅगपाइपबरोबर इतक्या ताठ आवाजात गाते की आमच्यातल्या एकीने पहिल्या दिवशी बंदच केलं आणि शेवटी तिलाच ते सगळ्यात जास्त आवडलं. पेरूचे पावे, जपानची शाकुहाची बासरी, सेनेगलचे ढोल, बाख, रॉक अँड रोलवाला चक बेरी. जॉर्जियाच्या आठवड्यात आमचा मोठा वाद झाला, मी म्हटलं हे तीन आवाज एकमेकांना चिकटून का येतायत, कानाला टोचतंय, तर आमच्यातली एक लहानपणी चर्चच्या क्वायरमध्ये गायलेली आहे ती म्हणाली टोचतंय ते ऐक, ते सुटायची वाट बघ. मग तिने फोनवर दोन सूर स्वतः गाऊन दाखवले. मी लहानपणापासून एका वेळी एकच सूर ऐकायला शिकलेली, दोन सूर भांडून मग मिटतात ही गोष्ट मला चाळिसाव्या वर्षी मैत्रिणीने फोनवर गाऊन शिकवली.

आणि गोदाकाठ, तुमच्यासाठी मुद्दाम. शेवटचा क्रम बघा. केसरबाईंची भैरवी येते, 'जात कहाँ हो' म्हणजे कुठे चाललात, साडेतीन मिनिटांची, आणि तिच्या लगेच पुढे ब्लाइंड विली जॉन्सन, १९२७ चं रेकॉर्डिंग, टेक्सासचा आंधळा गायक, गिटारच्या तारेवर काहीतरी घसरवत वाजवतोय आणि शब्द नाहीतच, नुसता हुंकार. त्याच्यानंतर बीथोवनच्या क्वार्टेटचा संथ भाग आणि संपलं. हे दोन एकापाठोपाठ एक ऐका, मधे काही बोलू नका.

पांढरी_चार:
अरे वा! १९८४ च्या 'पॅरिस, टेक्सास' सिनेमाला राय कूडरने जे संगीत दिलं ते ब्लाइंड विलीच्या ह्याच तुकड्यावर बेतलेलं आहे. म्हणजे गोदाकाठ ज्या माणसाच्या मागून मालीला पोचले तोच माणूस मागे वळून केसरबाईंच्या शेजारी बसलेल्याकडे जातो. मी हे कधी जोडून बघितलं नव्हतं.

मिरजवाला:
मला थोडं वेगळं म्हणायचंय. एवढं सगळं शोधायची घाई कशाला? जपान झालं, पेरू झालं, पुढे काय? आमच्याकडे तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेची घुमणारी आस, लावणारा माणूस दोरा सरकवत तासभर एकाच तारेला कान लावून बसतो. तसं महिनाभर एकाच गायकाला द्या की.

पण हेही सांगतो की एकाच गायकात शिरलं तरी बाहेरचं सापडतं. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ आमच्या मिरजेचे म्हणतो आम्ही, किराणा घराण्याचे, पण त्यांनी कर्नाटकी संगीतातल्या त्यागराजांची कृती (रचना) रेकॉर्ड केलीय, 'राम नी समानमेवरू', खरहरप्रिया रागातली, म्हणजे आपल्या काफी थाटाचेच सूर. मी पाचसात वर्षं त्यांच्या ठुमऱ्या ऐकत होतो आणि ही तबकडी ऐकली तेव्हा वाटलं हे काय वेगळंच, मग एका म्हैसूरच्या मित्राला फोन केला, त्याने तीच कृती कर्नाटकी गायकांकडून कशी ऐकू येते ते लावून दाखवलं, सूर तेच पण गमक, म्हणजे सूर हलवायची पद्धत, किती वेगळं, तिकडे सूर उभाच राहत नाही, सतत हलतो. आता मी त्याला कोमल ऋषभाचे आपले राग पाठवतो आणि तो मला त्यांचा हंसध्वनी राग. १९३७ ला खाँसाहेब गेले तेही दक्षिणेच्याच प्रवासात, मद्रासजवळच्या एका छोट्या स्टेशनवर.

कुर्ला_लोकल:
सगळ्यांचं वाचलं, खूप छान वाटलं, पण एक राहिलंय ते बोलते. आपण माली आणि जॉर्जियाला आनंदाने जातो आणि शेजारच्या गल्लीत जायला तयार नसतो.

मी चेंबूरच्या वस्तीत वाढले. १४ एप्रिलला रात्रभर भीमगीतं, वामनदादा कर्डकांची गाणी, विठ्ठल उमपांची, कव्वालीचा सामना असायचा, एक पार्टी सवाल टाकणार दुसरी जवाब देणार, ढोलकीवाला घामाने भिजलेला, पहाटेपर्यंत बाया पोरं घेऊन बसलेल्या. माझं ताल म्हणजे काय ते ज्ञान तिथलं. नोकरीला लागल्यावर ऑफिसातल्या एका संगीतप्रेमी ग्रुपवर मी एक भीमगीत टाकलं तर एकाने लिहिलं "हे इथे नको, आपण चांगलं संगीत शेअर करतो." मी पुढची तीन वर्षं तिथे काहीही टाकलं नाही. त्याच माणसाने आषाढीला प्रल्हाद शिंद्यांची विठ्ठलाची गाणी टाकली होती, प्रल्हाद शिंदे भीमगीतं आणि कव्वाली गायचे हे त्याच्या गावीही नव्हतं.

तर बोलायचं कसं ह्यावर माझं एवढंच म्हणणं आहे की पहिल्या दिवशी चांगलं वाईट काढू नका. काय ऐकू आलं ते सांगा. आता आम्ही तिघी भेटतो महिन्यातून एकदा, एक रॅप ऐकते मराठी हिंदी दोन्ही, एक नाट्यसंगीतवाली आहे, आणि मी. नाट्यसंगीतवालीने कव्वालीचा सामना ऐकून मला विचारलं की तो समेवर येताना शब्द मागे का ओढतो, आणि मी पहिल्यांदा विचार केला, खरंच का ओढतो? दुसरी म्हणाली आमच्या रॅपमध्ये पण असंच करतात, ठोक्याच्या किंचित मागे राहायचं म्हणजे वजन येतं. त्या दिवशी आम्ही लोकल सोडून दिली, पुढची पण सोडली, प्लॅटफॉर्मवरच बसलो होतो.

२०१० ला विठ्ठल उमप नागपूरला दीक्षाभूमीवर स्टेजवरच कोसळले आणि गेले. त्यांची रेकॉर्डिंग्ज मिळतात, ऐका सगळ्यांनी. गोदाकाठ तुम्ही तर नक्की, ज्या माणसाला तूरे आवडला त्याला हा आवाज आवडणार.

गोदाकाठ:
काय लिहू. चार दिवसांत एवढं मिळेल वाटलं नव्हतं.

मिरजवाले, तुमचं पटलं, म्हणून ह्या महिन्यात तूरे एके तूरे. कुर्ला_लोकल ताई, उमप काल रात्री ऐकले, तुम्ही म्हणालात तो ओढलेला शब्द सापडला, त्यांचा आवाज वर जाताना पातळ होत नाही, उलट रुंद होतो, हे कसं करतात माहीत असेल तर सांगा. आणि त्या ग्रुपवर जे झालं ते वाचून फार वाईट वाटलं.

आता मुख्य. पांढरी_चार म्हणाले तसं केलं, पण ग्रुपवर नाही. तो मेटलिकावाला मित्र आता हैदराबादला आहे, त्याला सरळ फोन लावला आणि म्हटलं साडेतीन मिनिटं आहेत का तुझ्याकडे, स्पीकरवर टाक. केसरबाई लावल्या, मग मधे एक अक्षर न बोलता ब्लाइंड विली. संपल्यावर तो बराच वेळ गप्प होता, मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाला, "दोघांचंही कोणीतरी जवळचं जायला निघालंय. बाई त्याला विचारतेय तरी कुठे चाललास, ह्याला विचारायला शब्दच नाहीत." आणि लगेच, "गिटारवर काय घसरवतोय तो? परत लाव."

पावणेबाराला बोलायला लागलो ते दीड वाजला. त्याने मला एका फिनलंडच्या बॅंडचं काहीतरी ऐकायला सांगितलंय, किंचाळतात म्हणे, पण सहाव्या मिनिटाला काय होतं ते सांग असं बजावलंय. दिवाळीला येतोय तो नाशिकला. टेप माळ्यावर आहे अजून, बेल्ट बदलून देणारं कोणी नाशकात आहे का, माहीत असेल तर सांगा.