फौजी शिकायचं म्हणाला तर तुमच्या पोटात का दुखतं?

कराडचा_नायक :
कालच्या धाग्यात एकानं लिहिलंय, "फौजीला पेन्शन, कँटीन, ईसीएचएस (माजी सैनिकांची दवाखान्याची योजना), वर भरतीत राखीव जागा. आता चाळिशीत पदवी घेऊन काय दिवे लावणार? त्यावर सरकारी पैसा कशाला?" तिथं उत्तर मावत नव्हतं, म्हणून वेगळा धागा.

दहावीवर भरती झालो, सिग्नल्समध्ये, म्हणजे फौजेच्या संदेशवहनात होतो, छत्तिशीत पेन्शन आलो. डिस्चार्जच्या वेळी पदवी-समकक्ष सर्टिफिकेट हातात पडलं. 15 वर्षं नोकरी आणि दहावी पास असलात, की गट क च्या नोकरीसाठी तुम्ही पदवीधर. तलाठी भरतीतही चालतं. तेच घेऊन एमएच्या प्रवेशाला गेलो, तर खिडकीवरचा म्हणाला, हे नोकरीचं, विद्यापीठाची गुणपत्रिका आणा. म्हणजे भरतीपुरता पदवीधर आणि कॉलेजच्या दारात दहावी पास!

आता सवलती बघा. पंतप्रधान शिष्यवृत्ती माजी सैनिकाच्या मुलांना आणि विधवेला : मुलाला महिना 2500, मुलीला 3000. इंजिनिअरिंग प्रवेशातल्या 5 टक्के जागा मुलांना. द्या, जरूर द्या, माझी पोरगीही त्यातूनच शिकेल. पण खुद्द फौजी शिकतो म्हणाला तर? मी मेलो तर बायकोला शिष्यवृत्ती, जिवंत आहे तोवर मला काही नाही.

शनिवारपेठी :
ते लिहिणारा मीच. नायकसाहेब, तुमच्या सेवेबद्दल आदर आहेच. पण नाशिकचं मुक्त विद्यापीठ 1989 पासून आहे, इग्नू त्याच्याही आधीचं. फी लाखात नाही. रविवारी केंद्रावर जायचं, परीक्षा द्यायची. माझ्या आईनं पन्नाशीत बी.ए. केलं, कुणाकडे अनुदान मागितलं नाही.

कराडचा_नायक :
आईसाहेबांना नमस्कार. त्यांची दर दोन-तीन वर्षांनी बदली होत होती का? एक परीक्षा राजस्थानात, दुसरी सियाचीनच्या पायथ्याशी? आणि माझी तर बारावीही झालेली नव्हती. माझ्या पोस्टिंगला मोबाईलची रेंज यायला टेकडी चढावी लागायची.

सदाशिव_अभ्यासिका :
विषय निघालाच आहे म्हणून. महाराष्ट्रात गट क आणि ड मध्ये माजी सैनिकांना 15 टक्के समांतर आरक्षण, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आत राखीव जागा. आम्ही बी.एस्सी. करून वर्षानुवर्षं अभ्यासिकेत सडतोय, मेसचे पैसे घरून येतात. आणि दहावी पास माणूस "समकक्ष" म्हणून आमच्या निम्म्या मार्कांत तलाठी. वर यांना आता फुकट कॉलेजही पाहिजे!

गनर_तात्या :
ए पोरा, जपून. त्या जागांवर उमेदवार मिळाला नाही, की त्या त्याच प्रवर्गातल्या तुमच्यासारख्यांनाच जातात. जाहिरात वाचतोस की नुसता कटऑफ बघतोस?

सदाशिव_अभ्यासिका :
वाचतो. त्या जागा आमच्याकडे येईपर्यंत निकाल किती लांबतो तेही वाचतो. तोवर वय निघून जातं. तुम्हाला वयात सवलत, आम्हाला?

गनर_तात्या :
तुमच्या वयात आम्ही कारगिलकडच्या द्रासला तोफा ओढत होतो. तिथं कटऑफ नव्हता.

शनिवारपेठी :
झालं. आता द्रास निघालं, म्हणजे पुढं कुणी बोलायचं नाही.

गनर_तात्या :
बोला की! पण शनिवार पेठेतून आम्हाला शिस्त शिकवू नका. पेन्शन आल्यावर मला काय मिळालं ते ऐका. एका एजन्सीत सोसायटीच्या गेटवर बारा तास. चेअरमनचा पोरगा गाडी लावून चावी फेकतो, "वॉचमन, जरा काढ." तोफखान्यातला हवालदार मी. अख्ख्या तोफेचा हिशेब माझ्याकडे होता.

निवृत्त_मेजर :
तात्या, राग बरोबर आहे. पण माजी सैनिकांसाठीच्या पुनर्वसन महासंचालनालयाचे कोर्स जवानांनाही असतात.

गनर_तात्या :
असतात साहेब. तुमचे आयआयएममध्ये सहा महिन्यांचे मॅनेजमेंटचे. आमच्या बॅचच्या नशिबी सिक्युरिटी सुपरवायझर. तुमचे बॅचमेट कंपनीत व्हाइस प्रेसिडेंट, आमचे त्याच कंपनीच्या गेटवर. सॅल्यूट तेवढा चालू राहिला.

निवृत्त_मेजर :
आम्हाला त्या फीचा हिस्सा खिशातून भरावा लागतो, एवढंच सांगतो. बाकी... खोडून काढता येत नाही.

डॅलसकर :
इथं अमेरिकेत 1944 मध्ये जीआय बिल झालं, परतलेल्या सैनिकांसाठीचा कायदा. त्यावर साधारण 22 लाख सैनिक कॉलेजात गेले. आजही पात्र माणसाला 36 महिन्यांपर्यंत फी, वर घरभाड्याचा भत्ता. माझ्या वर्गात चाळिशीतला मरीन होता.

शनिवारपेठी :
आला डॉलर. तुमच्या मरीनला आमच्या फौजींसारखी तहहयात पेन्शन चार-सहा वर्षांच्या नोकरीवर मिळते का? नाही. म्हणून तिथं कॉलेज, इथं पेन्शन. दोन्ही कसं मागता?

अग्निवीराची_ताई :
मग माझ्या भावाचं सांगा. अग्निवीरांच्या पहिल्या बॅचचा आहे. चार वर्षं, पेन्शन नाही, ईसीएचएस नाही, कायम होणार चारातला एक. सुटताना मिळणारा सेवा निधी 11.71 लाख, त्यातले निम्मे त्याच्याच पगारातून कापलेले. तुमच्या हिशेबानं त्याला तरी कॉलेज मिळायला हवं ना, शनिवारपेठी दादा?

कराडचा_नायक :
ताई, इग्नूची कौशल्यावरची पदवी आहे त्यांना. अर्धे क्रेडिट फौजेतल्या ट्रेनिंगचे धरतात. आम्हाला हे असतं तर! सिग्नल्समध्ये इतकी वर्षं जे केलं त्याचा एक क्रेडिट नाही.

अग्निवीराची_ताई :
माहीत आहे. पण उरलेला अभ्यास नाईट ड्युटी करून करायचा. आणि बाहेर कंपनीतला एचआर ती पदवी बघून नाक मुरडणार नाही याची खात्री कोण देणार? आई म्हणते, सेवा निधीतून आधी घराची स्लॅब टाकू. मी म्हणते, त्याला पुण्यात रेग्युलर डिग्रीला घालू. रोज भांडण.

सदाशिव_अभ्यासिका :
पुण्यात घालू नका. इथं आधीच गर्दी आहे.

शनिवारपेठी :
बरं, अग्निवीरापुरतं मान्य. त्याला पेन्शन नाही, तेव्हा फी सरकारनं भरावी. पेन्शनवाल्यांना मात्र नाही. आणि भरलीच, तर नापास झाल्यावर पेन्शनमधून वसूल करावी.

गनर_तात्या :
करा वसूल. आधी माझी बारावी करून द्या, मग नापास व्हायचं बघू.

कराडचा_नायक :
तात्या, राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून बारावी होते, दहावीवर. मेसेज करतो. मीही तिथूनच फॉर्म भरलाय. फी खिशातून, शनिवारपेठी निर्धास्त असावेत.