कॅम्परच्या मागच्या एअर फुग्यांसाठी कोणता कॉम्प्रेसर घ्यावा?

रानवाटा

गाडी फोर्स ट्रॅव्हलर, ३७०० व्हीलबेस, कॅम्पर केलेली. मागे मूळ पाटे (लीफ स्प्रिंग) तसेच ठेवून चॅसी आणि अ‍ॅक्सलच्या मध्ये दोन सहायक फुगे, म्हणजे हवेच्या रबरी स्प्रिंग, बसवले आहेत. कमाल दाब १०० पीएसआय, किमान ५. सध्या दोन्ही फुगे एकाच टी-जोडातून एका नळीवर आहेत आणि पंपावर जाऊन हवा भरावी लागते. १०० लिटरची पाण्याची टाकी मागच्या चाकांच्या मागे आहे, त्यामुळे भरलेली आणि रिकामी गाडी यांत बराच फरक पडतो. कॅम्परमधल्या दिवे-पंख्यांची बॅटरी १२ व्होल्ट, २०० एएच (अँपिअर-तास) लिथियम.

तीन पर्याय समोर आहेत: १० अँपिअरचा छोटा कॉम्प्रेसर, २० अँपिअरचा मधला, किंवा ५० अँपिअरचा दोन सिलिंडरवाला आणि सोबत १० लिटरची हवेची टाकी. टायरही त्यावरच भरता आले तर बरं. कोणता घ्यावा, आणि टाकी लागतेच का?

दाबमापक

आधी हवा किती लागते ते मोजा. पाट्यांसोबतचे असे फुगे चालत्या उंचीला प्रत्येकी साधारण २ लिटरचे धरा, म्हणजे दोन मिळून ४. रिकाम्या गाडीला १.५ बार (१ बार म्हणजे साधारण १४.५ पीएसआय) आणि भरलेलीला ४.५ बार ठेवायचा असेल तर फरक ३ बारचा. ४ गुणिले ३, म्हणजे १२ लिटर मोकळी हवा. ४.५ बारवर मिनिटाला १५ लिटर देणारा पंपही हे काम मिनिटाच्या आत करतो. फक्त फुग्यांसाठी १० अँपिअरचा पुरेसा आहे आणि टाकीची गरज नाही.

टायर आले की हिशोब बदलतो. २१५/७५ आर १५ च्या टायरमध्ये ५० लिटरच्या आसपास जागा असते. पंक्चर काढून शून्यापासून ४ बारपर्यंत भरायचा तर २०० लिटर हवा हवी, म्हणजे छोट्या पंपाला पंधरा मिनिटं सलग काम. इथे ड्यूटी सायकल, म्हणजे एकूण वेळातला किती वेळ पंप चालवता येतो, ते पाहावं लागतं. ७ बारला ३३ टक्के लिहिलं असेल तर १० मिनिटं चालवून २० मिनिटं थांबायचं. शिवाय हा आकडा बहुतेक वेळा २२ अंश सेल्सिअसच्या आसपासच्या हवेत काढलेला असतो. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे त्यातून बरंच वजा करा. म्हणून तुमच्यासाठी मधला, २० अँपिअरचा, ७ बारला १०० टक्के ड्यूटी सायकलवाला.

खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला सीएफएम (मिनिटाला किती घनफूट हवा) शून्य दाबाचा असतो, त्यावर जाऊ नका. तक्त्यात ६० आणि ९० पीएसआयला किती हवा देतो ते पाहा (१ सीएफएम म्हणजे मिनिटाला २८ लिटर). तक्ता न देणाऱ्याचा माल घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. टाकीशिवाय लावणार असाल तर फुग्यात दाब असताना पंप सुरू होतो का, हेही कागदावर तपासा. काही पंप फक्त त्यांच्या डोक्यात दाब नसतानाच सुरू होतात. दाब असला की मोटर गुंगुं करत अडते आणि फ्यूज जातो.

पण कॉम्प्रेसरच्या आधी तो टी-जोड काढा. दोन फुगे एका नळीवर असले की वळणावर बाहेरच्या बाजूच्या फुग्यातली हवा दाबली जाऊन आतल्या बाजूला पळते. गाडीला आधार हवा तिथून तो निघून जातो आणि नको त्या बाजूला उचल मिळते. आंबोली किंवा खंबाटकीसारख्या घाटात उंच बॉडीची गाडी याने जास्त कलते. दोन नळ्या, दोन व्हॉल्व्ह, दोन काट्यांचा गेज.

रानवाटा

टी-जोड उद्याच काढतो. वायरिंगचं सांगा. बॅटरी ड्रायव्हरच्या मागे आहे, कॉम्प्रेसर मागे बसेल. एका बाजूने अंतर ६ मीटर. दुकानदार ४ चौ. मिमी वायर पुरेल म्हणतोय.

तांबडी वायर

पुरणार नाही. जाऊन-येऊन १२ मीटर तांबं, २० अँपिअर: ४ चौ. मिमीमध्ये जवळजवळ १ व्होल्ट वायरमध्येच जातो, ६ मध्ये ०.७, १० मध्ये ०.४. व्होल्टेज कमी मिळालं की मोटर हळू फिरते, जास्त वेळ चालते आणि तापते. १० चौ. मिमी घ्या. बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात ३० अँपिअरचा फ्यूज. कॉम्प्रेसरचा करंट डॅशबोर्डच्या बटणातून किंवा प्रेशर स्विचमधून नेऊ नका, त्यांचे कॉन्टॅक्ट जळतात. मध्ये रिले घाला: बॅटरीकडून त्याच्या ३० नंबरला, ८७ वरून मोटरला, आणि बटण व स्विच फक्त ८५-८६ च्या कॉइलला. रिले ४० अँपिअरचा, पाण्यापासून झाकलेला.

बॅटरी संपेल ही भीती नको. २० अँपिअर एक मिनिट म्हणजे एएचचा तिसरा हिस्सा. ५० अँपिअरवाला मात्र सुरू होताना क्षणभर बराच जास्त ओढतो आणि लिथियमचा बीएमएस (बॅटरीतलं संरक्षक सर्किट) छोटा असेल तर तो अख्ख्या कॅम्परची वीज बंद करतो.

कोकणसडा

पावसाळ्याचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो, कारण आमच्याकडे पंप पाण्यानेच मरतात. जुलैतली हवा दाबली की त्यातली वाफ नळीत पाणी होऊन बसते. ते सोलेनॉइडमध्ये (विजेवर उघडणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये) गेलं की व्हॉल्व्ह चिकटतो आणि एक बाजू रात्रीत खाली बसते. पंपानंतर, हवा थोडी निवल्यावर, वॉटर ट्रॅप लावा. टाकी लावलीच तर ड्रेन कॉक सर्वांत खालच्या टोकाला हवा आणि पावसात आठवड्याला उघडायला हवा.

पंप चॅसीखाली लावणार असाल तर हवा ओढणारं फिल्टर तिथे ठेवू नका. तापलेल्या पंपावर रस्त्याचं पाणी उडतं, तो निवताना फिल्टरमधून तेच आत खेचतो. नळी जोडून फिल्टर वर, कोरड्या कपाटात न्या. पंप आत ठेवायचा तर जागा खेळत्या हवेची हवी, आणि गॅस सिलिंडरच्या कप्प्यात तर अजिबात नको. ब्रशच्या मोटरमध्ये ठिणगी पडते.

पंपासोबत येणारी स्टीलच्या जाळीची नळी लांबी वाढवायला म्हणून काढू नका. बाहेर पडणारी हवा इतकी तापलेली असते की तिथे पीयू (पॉलियुरेथेनची) नळी मऊ होऊन जोडातून सुटते. पुढे ६ मिमीची नायलॉन नळी, सायलेन्सरपासून लांब, आणि टोक काटकोनात ब्लेडने कापलेलं. पक्कडीने कापलं तर टोक चेपतं आणि पुश-फिटिंगमधून हवा गळते. आट्यांना टेफ्लॉन टेप लावलात तर पहिला आटा मोकळा सोडा, तिचे तुकडे व्हॉल्व्हमध्ये अडकतात. त्यापेक्षा द्रव सीलंट बरं.

दाबमापक

दोन गोष्टी राहिल्या. जुन्या गाडीत मागच्या अ‍ॅक्सलला दांड्याने जोडलेला, वजनानुसार ब्रेकचा दाब बदलणारा व्हॉल्व्ह असेल तर फुग्यांनी गाडी उचलल्यावर त्याला गाडी रिकामी वाटते आणि मागचे ब्रेक कमी लागतात. तो पुन्हा जुळवून घेतल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नका. दुसरं, फुग्यांनी आरसीवरचं वजन वाढत नाही. पाणी भरून, माणसं बसवून वजनकाट्यावर आधी पूर्ण गाडी आणि मग फक्त मागची चाकं मोजा. मागच्या अ‍ॅक्सलची मर्यादा ओलांडत असेल तर उपाय कॉम्प्रेसर नाही, पाण्याची टाकी पुढे सरकवणं हा आहे.

मोठ्या बसच्या चॅसीवर कॅम्पर करणाऱ्यांसाठी: तिथे वीज बहुधा २४ व्होल्ट असते आणि एअर ब्रेकचा कॉम्प्रेसर इंजिनवर आधीच असतो. फुग्यांना हवा चार सर्किटच्या प्रोटेक्शन व्हॉल्व्हच्या (ब्रेकची हवा वेगळी राखणाऱ्या) जादा तोंडातूनच घ्या. ब्रेकच्या टाकीला कधीही जोड मारू नका.

लीड्सहून

इथे इंग्लंडात फियाट ड्युकाटो व्हॅनवरच्या मोटरहोमना दोन्ही प्रकार लागतात. वरचा हिशोब सहायक फुग्यांचा आहे. व्हीबी किंवा गोल्डश्मिटसारख्या कंपन्यांच्या पूर्ण एअर सस्पेन्शनमध्ये मूळ स्प्रिंगच काढलेली असते आणि सेन्सर उंची सांभाळतात. तिथला पंप किटसोबत जुळवून दिलेला असतो, बाहेरचा लावू नये.

रानवाटा

मधला घेतो, टाकीशिवाय. फुगे रात्रभर उभ्या गाडीत चार-पाच पीएसआयने उतरतात. गळती समजायची का?

कोकणसडा

दुपारी ४० अंशांत ६० भरले आणि पहाटे १५ अंश झाले, तर नुसत्या गारव्याने पाच-सहा उतरतात. दुपारी पुन्हा वाचा. परत ६० दिसले तर गळती नाही. नाही दिसले तर प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावा, सुरुवात व्हॉल्व्हच्या मागच्या फिटिंगपासून.