पार्किंग लाइट नेमके कधी लावावेत?

प्रश्न: सोलापूर-पुणे महामार्गावर रात्री कडेला गाडी थांबवताना पार्किंग लाइट पुरेसे असतात का, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

उत्तर १: अंधारात कडेला उभी केलेली गाडी इतरांना दुरून दिसावी, यासाठीच पुढे पांढरे आणि मागे लाल असे हे मंद दिवे असतात, परंतु गाडी बिघडून रस्त्यातच अडली असेल, तर चारही इंडिकेटर आणि मागे त्रिकोणी फलक हवाच.

उत्तर २: साध्या बल्बचे हे चार दिवे प्रत्येकी ५ वॅटचे धरले, तर १२ व्होल्टवर सुमारे १.७ अँपिअर प्रवाह लागतो. रात्रभर ते चालू राहिल्यास सकाळी स्टार्टर फिरेलच असे नाही (अनुभवाचे बोल आहेत).

प्रश्नकर्ता: म्हणजे सोलापुरातल्या सात रस्ता चौकातून रात्री केवळ याच दिव्यांवर गाडी हाकणारे चुकतात तर!

उत्तर १: निश्चितच, तेव्हा हेडलाइटच लावावेत.