डॉ. जयंत नारळीकर यांच्याविषयी वीस मिनिटांत मुलांना काय सांगावे?

प्रश्न : एक विज्ञान शिक्षिका

नमस्कार. तालुक्याच्या गावी एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. येत्या २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाच्या कार्यक्रमात, डॉ. जयंत नारळीकर यांच्याविषयी वीस मिनिटे बोलण्याचे काम माझ्याकडे आले आहे. २० मे २०२५ रोजी सर गेले तेव्हा शाळेला उन्हाळ्याची सुट्टी होती, त्यामुळे मुलांशी त्यांच्याविषयी बोलायचे राहूनच गेले.

१९ जुलै १९३८ रोजी कोल्हापुरात जन्म, बनारसला शिक्षण, केंब्रिजला रँग्लर, १९६५ साली वयाच्या २६ व्या वर्षी पद्मभूषण, २००४ साली पद्मविभूषण, अशी यादी मुख्याध्यापकांनी मला आधीच लिहून दिली आहे. मात्र अशी यादी वाचायला घेतली की तिसऱ्या पुरस्कारापाशी मागच्या बाकांवर कुजबुज सुरू होते, हा माझा नेहमीचा अनुभव आहे. मला जाणून घ्यायचे आहे ते असे, की ज्या लोकांना विश्वरचनाशास्त्रातले ओ की ठो कळत नाही, त्यांनाही हा माणूस आपल्या घरातला का वाटत असे? शिवाय दहावीतल्या एका मुलाने मला आधीच अडचणीत टाकले आहे. त्याने विचारले, ''बाई, महास्फोट झाला असे पुस्तकात दिले आहे आणि नारळीकर सर तर तो मानत नव्हते. मग ते चुकले का?'' त्याला काय उत्तर द्यावे?

उत्तर : भौतिकशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक

बाई, आपण यादी बाजूला ठेवणार आहात हे उत्तम झाले. मला विचाराल तर सुरुवात 'यजमान' या शब्दापासून करावी.

केंब्रिज सोडून १९७२ साली नारळीकर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले, हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्या संस्थेतली सुखाची जागा सोडून वयाच्या पन्नाशीत, १९८८ साली, त्यांनी पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुका, म्हणजे खगोलशास्त्र व खगोलभौतिकीचे आंतरविद्यापीठीय केंद्र, उभी करायला घेतली, ती कोणासाठी, हे फारसे कोणी सांगत नाही. त्या काळी संशोधन मोजक्या मोठ्या संस्थांत एकवटलेले होते आणि विद्यापीठात किंवा महाविद्यालयात शिकवणाऱ्या माणसाच्या हाती ना ताजी नियतकालिके होती ना संगणक. विद्यापीठ अनुदान आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष प्रा. यशपाल यांच्या पाठबळाने जे आंतरविद्यापीठीय केंद्र निघाले, त्याची कल्पनाच अशी होती, की देशभरच्या अध्यापकांनी तेथे येऊन राहावे, काम करावे आणि आपापल्या गावी परत जाऊन विद्यार्थ्यांना शिकवावे. त्यासाठी अध्यापकांची काही वर्षांकरता सहयोगी म्हणून निवड होते आणि त्यांच्या जाण्यायेण्याचा व राहण्याचा खर्च संस्था उचलते.

मी स्वतः अशा पाहुण्यांपैकी एक होतो. मी जेथे शिकवत असे, तेथे भौतिकशास्त्राचे ग्रंथालय म्हणजे दोन कपाटे होती आणि त्यांची किल्ली ज्यांच्याकडे असे, ते गृहस्थ रजेवर गेले की विषयही रजेवर जात असे. मे महिन्याच्या सुट्टीत मी पहिल्यांदा आयुकात गेलो आणि ग्रंथालयात बसलो, तो उठलोच नाही. रात्री फार उशीर झाला म्हणून मी भीतभीत दिवा मालवायला निघालो, तेव्हा पलीकडच्या टेबलावरचे, ईशान्येकडून आलेले एक प्राध्यापक मान वर न करता हिंदीत म्हणाले, ''बसा हो, येथे आपण पाहुणे नाही.'' यजमानाला यापेक्षा मोठे प्रशस्तिपत्र कोणते असू शकेल, ते मला सुचत नाही.

मुलांची सहल नेणार असाल तर ती वास्तूही दाखवा. चार्ल्स कोरिया यांनी आखलेल्या त्या आवारात पायऱ्यांचे कुंड आहे, पृथ्वीचे परिवलन दाखवणारा फुकोचा लंबक आहे आणि आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन व आइन्स्टाइन यांचे पुतळे एकाच अंगणात आहेत. २८ डिसेंबर १९९२ रोजी नोबेल विजेते खगोलभौतिकीविद सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या हस्ते ही संस्था राष्ट्राला अर्पण झाली. मुलांसाठीच्या विज्ञानकेंद्राच्या इमारतीचे नाव 'पुलस्त्य' आहे. सप्तर्षींतला हा एक तारा, आणि इमारतीमागे पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानाची देणगी. कोटी कोणाची, हे विचारू नये. पुलंना ती आवडली असती.

उत्तर : पोस्टकार्ड न पाठवलेली

सरांचा स्वाक्षरीबाबतचा नियम मुलांना जरूर सांगा. व्याख्यानानंतर मुले वह्या घेऊन भोवती जमली की ते स्वाक्षरी देत नसत. पोस्टकार्डावर एखादा प्रश्न लिहून पाठवा, त्याचे उत्तर मी सहीनिशी पाठवीन, असे ते सांगत. त्यांनी अशी उत्तरे खरोखरच लिहिली आणि आज कित्येक घरांत ती कार्डे जपून ठेवलेली आहेत.

आमच्या घरात मात्र नाही. सातवीत असताना मी पंधरा पैशांचे कार्ड आणले, पत्ता सुवाच्य अक्षरात लिहिला आणि प्रश्नाच्या जागेपाशी अडले. जो प्रश्न सुचे तो बावळट वाटे, आणि बावळट वाटला नाही तर त्याचे उत्तर पुस्तकात सापडे. ते कार्ड तसेच कोरे राहिले. स्वाक्षरीची वही पुढे करायला काही लागत नाही, प्रश्नाला मात्र आठवडा लागतो, हे मला त्या कार्डाने शिकवले. ते पाठवले असते तर बरे झाले असते, असे आज चाळिशी ओलांडल्यावर वाटते.

उत्तर : खगोलभौतिकीचा विद्यार्थी

त्या दहावीतल्या मुलाला माझ्याकडून शाबासकी द्या आणि त्याचा प्रश्न गुळमुळीत उत्तराने टोलवू नका. नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू फ्रेड हॉइल, तसेच हर्मन बाँडी आणि टॉमस गोल्ड यांनी १९४८ साली मांडलेला स्थिर स्थिती सिद्धांत असे सांगत होता, की विश्व प्रसरण पावते, पण त्याला आरंभ नाही. दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचे प्रचंड समूह, एकमेकींपासून दूर जातात तसतसे नवे द्रव्य निर्माण होत राहते आणि एकूण चित्र तसेच राहते. १९६५ साली सूक्ष्मलहरींचे पार्श्वप्रारण, म्हणजे आकाशाच्या सर्व दिशांनी येणारे आणि महास्फोटाचा अवशेष मानले जाणारे प्रारण, सापडले आणि बहुतेक शास्त्रज्ञांनी महास्फोटाची बाजू घेतली. नारळीकरांनी ती घेतली नाही. १९९३ साली हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी जुन्या सिद्धांताची सुधारित आवृत्ती मांडली, तीही बहुसंख्यांना पटली नाही. तेव्हा आजच्या पुराव्यावरून पाहता त्यांची बाजू मागे पडली आहे, असे सरळ सांगावे. त्यात त्यांचा अपमान नाही.

मात्र त्याच दमात दुसरी गोष्टही सांगावी, कारण माझ्या मते ती अधिक मोठी आहे. ज्या संस्थेचे ते २००३ पर्यंत संचालक होते, तेथे त्याच पार्श्वप्रारणाचा अभ्यास करणारे डॉ. तरुण सौरदीप यांच्यासारखे शास्त्रज्ञ काम करत होते. संस्थापकाचे मत संस्थेचे मत झाले नाही. आपल्याकडच्या संस्थांचा अनुभव असलेल्या कोणालाही हे किती दुर्मीळ आहे ते कळेल. वर प्राध्यापक महाशयांनी 'यजमान' हा शब्द वापरला आहे, त्यात मी एवढीच भर घालीन, की आपले म्हणणे खोडून काढू शकणाऱ्या माणसालाही त्यांनी पहिल्या पंगतीत बसवले.

फलज्योतिषाच्या बाबतीतही त्यांनी नुसती टर उडवली नाही. २००८ साली त्यांनी सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह ज्योतिषांनाच चाचणीचे आवाहन केले. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्यांतून प्रत्येकाला चाळीस देऊन, कोणती कोणाची ते ओळखायला सांगितले होते. उत्तरे पाठवणाऱ्या २७ ज्योतिषांचे सरासरी यश ४६ टक्के होते. नाणे उडवून पाहिले तर साधारण ५० टक्के येते, आणि हे वर्गात नाणे उडवून मुलांकडूनच करून घेता येईल.

उत्तर : गणिताची शिकवणी घेणारी

सरांच्या पत्नी मंगलाताईंचे नाव अजून कोणीच घेतले नाही, म्हणून लिहिते. घरात एकट्याने यजमान होता येत नाही. मंगला नारळीकर स्वतः गणितज्ञ होत्या, त्यांनी लग्नानंतर, मुली लहान असताना, अभ्यास चालू ठेवून डॉक्टरेट मिळवली आणि पुढे मुलांसाठी सोप्या मराठीत गणित लिहिले. २०१९ साली 'बालभारती'च्या पुस्तकात 'एकवीस'बरोबर 'वीस एक' असे संख्यावाचन आले, तेव्हा गणित समितीच्या अध्यक्षा म्हणून त्यांच्यावर भरपूर टीका झाली. जोडाक्षरे असलेली संख्यांची नावे पाठ करताना अडखळणारे मूल डोळ्यांसमोर ठेवून त्या शांतपणे उत्तरे देत राहिल्या. १७ जुलै २०२३ रोजी त्या गेल्या.

मुलांना हसवायचे असेल तर विज्ञानकथेचा किस्सा सांगा. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला सरांनी 'कृष्णविवर' ही कथा 'नारायण विनायक जगताप' या नावाने पाठवली. आद्याक्षरे त्यांचीच, फक्त उलटी. अक्षरही ओळखू येऊ नये म्हणून कथा मंगलाताईंनी लिहून काढली, आणि पहिले बक्षीस जगतापांना मिळाले.

आणि बनारसच्या घरातला फळा विसरू नका. मोरूमामा, म्हणजे गणितज्ञ मोरेश्वर हुजूरबाजार, त्या फळ्यावर भाच्यासाठी आव्हान म्हणून एखादे गणित लिहून ठेवत, आणि ते सुटेपर्यंत किंवा हार मानेपर्यंत पुसले जात नसे.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांची मनःपूर्वक आभारी आहे. भाषण आता दहा मिनिटांचेच करणार आहे. मुख्याध्यापकांची यादी मी व्हरांड्यात चिकटवीन, ज्यांना हवी ते वाचतील. जिन्याखालचा जुना फळा शिपाईकाकांनी पुसून दिला आहे आणि त्यावर उद्यापासून मोरूमामांसारखे एक गणित राहील. दहावीतल्या त्या मुलाला आपण लिहिलेले जसेच्या तसे वाचायला दिले; त्याने एवढेच विचारले की १९९३ सालचा तो शोधनिबंध कोठे मिळेल.

टपाल कार्यालयातून साठ पोस्टकार्डे आणली आहेत आणि मुलांना प्रश्नासाठी पूर्ण आठवडा दिला आहे. आता अडचण एवढीच आहे, की त्यांना सहीनिशी उत्तरे कोणी लिहायची? खगोलभौतिकीच्या विद्यार्थ्यांनी निम्मी घेतली, तर उरलेल्या तिसांना उत्तरे लिहिण्याचा मी प्रयत्न करीन.