मनापासून फसलेले भयपट

रातकिडा:
काल रात्री 'प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस' तिसऱ्यांदा पाहिला. थडगी डुलतायत, एकाच प्रसंगात मधेच दिवस नि मधेच रात्र. त्यातला नट बेला लुगोसी १९५६ मध्ये वारला, त्याचं थोडंसंच चित्रीकरण झालं होतं. मग उरलेल्या दृश्यांत उभा कोण? तर दिग्दर्शक एड वुडच्या बायकोचा हाडवैद्य! चेहरा दिसू नये म्हणून झगा नाकापर्यंत ओढून फिरतोय बिचारा. मी हसून लोळलो, तरी पुढे ढकलावासा एक प्रसंग वाटला नाही. उलट परवा मुद्दाम टुकार बनवलेला एक नवा सिनेमा लावला, तो वीस मिनिटांत बंद केला. दोन्हीकडे रबराचं भूतच की! मग असं का व्हावं?

खवीस:
पैसे नसले की डोकं चालतं, ते बघायला मजा येते. 'ईव्हिल डेड'मध्ये कॅमेरा फळीवर ठोकला आणि दोघं दोन टोकं धरून जंगलातून धावत सुटले. झाली भुताची नजर तयार! रक्त म्हणजे मक्याचा पाक.

जुनीरीळ:
खवीसराव, ते वाईटात कशाला मोजता? स्वस्त वेगळं, फसलेलं वेगळं. १९६८ च्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'मध्ये रक्ताच्या जागी चॉकलेट सिरप आहे. कृष्णधवल असल्याने खपून जातं. पण हसून दाखवा बरं शेवटाला! मी तर दिवा लावून झोपले होते.

पिंपळावरचा:
रातकिड्या, 'ट्रोल टू' बघ. नावात ट्रोल, म्हणजे लोककथांतला एक राक्षस, पण सिनेमात एकही नाही, सगळे गॉब्लिन, म्हणजे दुसऱ्याच जातीचे राक्षस. तेही शाकाहारी, म्हणून माणसाचा आधी झाडपाला करतात आणि मग खातात. दिग्दर्शक इटालियन, नट अमेरिकन. इंग्रजी संवाद कानाला खटकतात हे नटांना कळत होतं, पण लिहिलंय तसंच बोला म्हणून हा अडून बसला. त्याच्या लेखी तो गंभीर सिनेमा होता.

रातकिडा:
हां, हेच! परवाच्या सिनेमातलं भूत दर दोन मिनिटांनी माझ्याकडे बघून डोळा मारत होतं. हाडवैद्याने नाही मारला एकदाही.
जुनीरीळताई, शेवटाबद्दल मान्य, तिथे हसू नाही येत.
आणि शाकाहारी राक्षस?? आज रात्रीच लावतो.