शब्दचर्चा: 'सस्पेन्स हॉरर'ला मराठीत काय म्हणावं?

जॉर्डन पील यांच्या 'गेट आउट' या चित्रपटावर (२०१७) लिहायला बसले आहे. एक कृष्णवर्णीय तरुण गोऱ्या प्रेयसीच्या आईवडिलांना पहिल्यांदा भेटायला जातो. सगळे फार गोड वागतात आणि हळूहळू त्या गोडव्याचीच भीती वाटू लागते. 'रहस्यमय भयपट' लिहिलं, पण पटत नाही. 'थरारपट' म्हटलं की पाठलाग डोळ्यांसमोर येतात. 'उत्कंठावर्धक' चालेल?

— 'रहस्यमय' खटकलं ते बरोबरच. रहस्य आपल्यापासून लपवलेलं असतं. सस्पेन्समध्ये धोक्याची चाहूल आपल्याला आधीच लागलेली असते. दिग्दर्शक हिचकॉक यांचं टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण आठवा. बॉम्ब अवचित फुटला तर प्रेक्षकाला १५ सेकंदांचा धक्का; तो तिथे आहे हे आधीच ठाऊक असेल, तर १५ मिनिटं जिवाला घोर.

'उत्कंठा' मात्र नको. उत् आणि कंठ, म्हणजे मान उंचावून वाट पाहणं. त्यात ओढ आहे. उत्कंठा भेटीची असते, संकटाची नव्हे.

खरं तर आपल्याकडे नेमका शब्द पडून आहे. सस्पेन्सचं लॅटिन मूळ 'टांगून ठेवणे' या अर्थाचं, आणि आपण म्हणतो 'जीव टांगणीला लागला'. चित्र तेच! 'जीव टांगणीला लावणारा भयपट' असं सरळ लिहा. लांबलं तरी चालेल.

जाता जाता: 'हॉरर'च्या लॅटिन मुळाचा अर्थ केस ताठ उभे राहणे, आणि ते संस्कृत 'हृष्'चं भावंड. म्हणजे हॉरर आणि हर्ष एकाच कुळातले. आपला 'रोमहर्षक' मात्र विजयाच्या बातम्यांत रमला, भीतीसाठी आता त्याचा उपयोग नाही.

— 'टांगणी' फार आवडलं. आणखी एक अडलंय. प्रेयसीची आई चहाच्या कपात चमचा फिरवत नायकाला संमोहित करते आणि तो 'संकन प्लेस'मध्ये बुडतो. 'बुडालेली जागा' अगदीच निर्जीव वाटतं.

— 'गर्ता' पुस्तकी वाटेल. 'रसातळा'त अधोगतीचा वास आहे. मी 'डोह' घेईन. पील यांनीच सांगितलंय की ती जागा म्हणजे डावललं जाणं. कितीही ओरडलं तरी व्यवस्था आवाज दाबून टाकते. डोहाच्या तळाशी तसंच होतं, वरचा उजेड दिसतो पण हाक वर पोचत नाही.

— डोहच घेते. शीर्षक मात्र तसंच ठेवते आहे. 'चालता हो' म्हटलं की हाकलणारा यजमान ऐकू येतो. चित्रपटात हे शब्द ओरडणारा माणूस स्वतः त्याच डोहात अडकलेला आहे, आणि क्षणभर शुद्धीवर येऊन तो नायकाला सांगतोय, 'पळ इथून!'