रमाबाईंनाही आठ वर्षं लागली

भक्तीबद्दल 'आधी नियम नीट पाळा, समाधान आपोआप येईल' असं म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. शिस्त हवीच, पण नुसत्या शिस्तीने आतली भूक भागत नाही. याचं उदाहरण आपल्या पुण्यातच आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती धर्माची दीक्षा, १८८३ मध्ये इंग्लंडला झाला. पुढे त्या पुण्यात शारदा सदन चालवत होत्या, विधवा मुलींसाठी राबत होत्या. तरी त्यांनी आपल्या श्रद्धेच्या साक्षीत स्वच्छ लिहून ठेवलंय की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना कळलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त सापडलाच नाही. निराधार स्त्रियांसाठीचं केडगावचं मुक्ती मिशन त्यानंतरचं. बायबलमधल्या उधळ्या पुत्राच्या गोष्टीतल्या थोरल्या भावानेही कधी बापाची आज्ञा मोडली नव्हती, आणि घर सोडून गेलेला धाकटा परत आल्याच्या मेजवानीच्या वेळी तोच रुसून दाराबाहेर राहिला!

मी स्वतः वहीत बायबलच्या रोजच्या तीन अध्यायांपुढे बरोबरची खूण करायचे. उपवासकाळात एक दिवस चुकला तर आठवडाभर मनाला टोचणी. मग आई आजारी पडली आणि तीन आठवडे वहीला हात लागला नाही. रात्री तिच्या पायांना तेल चोळताना ती तेविसावं स्तोत्र पुटपुटायची, मध्येच अडायची, मी पुढची ओळ सांगायचे. देव इतका जवळ मला त्याआधी कधीच वाटला नव्हता. आताही रोज वाचते, कधी तीन अध्याय, कधी चारच ओळी. खुणा मात्र करत नाही.